तिन्हीकडं दिसणारी गाणी

हॅलो?… हां, प्रीतीच बोलतीय… कोण, दीप्तीताई? लांबून येतोय तुझा आवाज. गडहिंग्लजहूनच बोलतीयस न्हवं?… हां, आता आलं ऐकू.

जेवलीस का?… चार घास तरी खा गं. सोनूआत्या असती तर ओरडली असती तुला. आई तुझी, पण माझ्याच ताटाकडं जास्त लक्ष असायचं तिचं…

व्हय, उद्या सकाळच्या एसटीनं निघतोय. मी आणि प्रसेनजीत. आत्याच्या पुण्यानुमोदनाला वेळेत पोचतोय की… भंतेजी येणार हाईत न्हवं?… बरं… बरं…

काय आणू?… सीडी?

…न्हाय, ऐकतीय. लाईन हाय… ताई, मी तुला समोर बसून सांगणार होते.

सीडी न्हाय व्हायची… अगं ऐक ना. आत्याची गाणी गेली… गेली म्हणजे पुसली गेली. कम्प्युटरमधनं. सगळी.

चेष्टा कशाला करीन ताई, असल्या गोष्टीची?… सांगते. थांब, सांगते.

आमच्या दुकानात तीन कम्प्युटर हाईत, तू बघितलंयस. मागल्या वर्षी प्रसेनजीतनं वायरी टाकून तिन्ही जोडून घेतले… हां, त्यालाच नेटवर्क म्हणतात. मधी एक डबी असते, तिन्हीच्या वायरी तिच्यात. सोय लई झाली गं. प्रिंटर एक, पण काम तिघांचं निघायचं. मी लग्नपत्रिका टाईप करायची, प्रसेनजीत त्याच्या टेबलावर बसून तीच उघडून डिझाईन करायचा. फ्लॉपी घेऊन हिकडनं तिकडं पळापळ न्हाय.

आत्याचं रेकॉर्डिंग माझ्या कम्प्युटरवर केलेलं… व्हय, ती आमच्याकडं राहायला आलती तेव्हा. रस्त्याचा आवाज नको म्हणून शटर अर्धं ओढून घ्यायचो. तिचा फोल्डर मी सगळीकडनं उघडंल असा ठेवला. प्रसेनजीत त्याच्याकडं हेडफोन लावून ऐकायचा, शब्द टाईप करायचा…

मग काय. आत्या दवाखान्यात होती न्हवं, त्या आठवड्यात एक ईमेल आली. ओळखीच्या गिऱ्हाईकाच्या नावानं. प्रसेनजीतला वाटलं पत्रिकेचा मजकूर असंल. उघडली. व्हायरस होता… हां, त्याच्या कम्प्युटरवर. तिथनं वायरीतनं माझ्याकडं. जिथनं आम्ही गाणी ऐकायचो तिथनंच आत शिरला. फोटो, गाणी, समोर दिसंल ते खराब करत गेला.

…तेच तर ताई. तीन ठिकाणी नव्हतीच. तिन्हीकडं दिसायची, म्हणून आम्हालाबी वाटायचं तीन ठिकाणी हाईत. होती एकाच ठिकाणी. बाकी दोन्हीकडनं नुसती दिसायची.

टाईप केलेलं?… तेबी त्याच फोल्डरात.

…काढायची राहिली. कोऱ्या सीड्या ड्रॉवरमधी तशाच हाईत. सगळी गाणी झाली की एकदम काढू म्हटलं. आत्याला रोज नवीन आठवतच होती की… संपल्यात असं वाटलंच न्हाय कधी.

दाखवलं न्हाय कसं? राजारामपुरीतला एक माणूस हार्डडिस्क घेऊन गेलता. काल परत दिली. म्हणाला, नावं दिसत्यात, आत काय न्हाय… हां. "लेकीची सही" म्हणून नाव हाय. दाबलं की गप्प.

आत्याला?… न्हाय सांगितलं. प्रसेनजीत सांगू म्हणत होता, दवाखान्यात गेला तेव्हा. मीच नको म्हटलं. चांगलं केलं का वाईट, मला न्हाय कळत ताई.

त्याला काय बोलू नकोस तू. त्या दिवसापास्नं दुकानात टेकत न्हाय. आला तर बाहेर उभा राहतो. मला बोल पाहिजे तर… बोल की. गप्प नको बसू.

…

तानाबाई? कुठल्या?… अच्छा, जात्यावर दळताना आत्याच्या जोडीला बसायच्या त्या. त्यांना येत्यात?… येतील तेवढी म्हणू देत की उद्या. आणि कुणाचा तरी टेपरेकॉर्डर आणून ठेव… साधा, कॅसेटचा. आणि लगेच दुसरी कॅसेट भरायची. एक तुझ्याकडं, एक माझ्याकडं.

…व्हय. गाणी मिळतील थोडी. आवाज न्हाय मिळायचा. मला कळतंय ते.

तुला एक सांगू?… गाणं संपलं की आत्या माईकसमोरनं हलायची न्हाय. तशीच विचारायची, "पोचलं का गं आत?" तेबी रेकॉर्ड व्हायचं. प्रसेनजीत म्हणायचा, तेवढं कापूया. मी म्हणायची, राहू दे, गोड वाटतंय… हां, प्रत्येक गाण्याला विचारायची. आणि मी म्हणायची, "पोचलं आत्या. आता कुठं जात न्हाय."

…ताई?

…हां. रड तू. मी न्हाय ठेवत फोन… हाय मी हितंच…

हॅलो?… ताई?… हॅलो?