खापरीतला विस्तव

ठाण्याच्या दवाखान्यात श्रीपादरावांचा नंबर यायला वेळ होता. शेजारच्या बाकावर मॅट्रिकचं इंग्रजी घोकणारी उत्तरा आणि बाळकुमची हौसाबाई बोलू लागल्या, तसं श्रीपादरावांचं वर्तमानपत्र हळूच मांडीवर आलं.

"पोरी, मघापासून काय घोकतेस?"

"'ऑस्ट्रसाइझ', मावशी. म्हणजे वाळीत टाकणं. ग्रीक लोक फुटक्या मडक्याच्या खापरीवर नाव कोरायचे. ज्याच्या नावाच्या खापऱ्या जास्त, तो दहा वर्षं गावाबाहेर."

"अगो बाई! खापरीवर? आम्हाला तर खापरीनंच तारलं."

"तुम्हाला वाळीत टाकलेलं?"

"धन्यानं विधवा बहिणीचं लग्न लावलं, म्हणून. विहीर बंद, विस्तव बंद, वाण्याची काडेपेटीपण बंद. पण शेजारची रतन रोज पहाटे खापरीत निखारे घेऊन कुंपणाशी यायची."

"कुणी पाहिलं नाही?"

"पाहिलं की! पंचांनी दम दिला. दुसऱ्या दिवशी मेली उजाडल्यावर आली, सगळ्यांच्या देखत!"

"आणि आज इथे कशा?"

"रतनलाच घेऊन आलेय. तिचा ताप उतरत नाही. आत तपासतायत. देवा, बरी कर रे तिला."

दार उघडलं. औषधाची बाटली धरून रतन भिंतीच्या आधाराने बाहेर आली.

"हौसे, साधा ताप आहे म्हणाले. चल लवकर, माझी चूल थंड पडली असेल."

"नाही पडली. निघताना तुझ्या चुलीत निखारे राखेखाली झाकून आलेय."