कोणी जात नाई तो कोपरा

माह्यं नाव पार्बता. आमी ढिवर, मासोळी धरनारे, भद्रावतीहून एसटीनं आलं का रस्त्याच्या डाव्या आंगाले जो मोठा तलाव दिसते ना, त्याच्या पाळीवर, बांधावरच, आमचं गाव. जलमली इथीच आन् लगनही इथीच झालं, माहेर पाळीच्या त्या टोकाले, सासर या टोकाले, मंग मी जाईन कुठी? चवथी पास झाली आन् बाप मनला का जाळे वाळवाले घरी कोण हाये, बस, तिथीच माह्यं शिक्षन संपलं. आता गावच्या हायस्कूलात खिचडी शिजवतो. दहावीचे पोट्टे शिकून राह्यले का मी इकडं तांदूळ निवडता निवडता आयकत राह्यतो, खिडकीपाशीच चूल हाये माही.

आन् तुमी शिक्षन खात्यातून येऊन मलेच पुसून राह्यल्या बाई, का पोट्ट्यायनं इंग्रजीत काय शिकाव, समाजशास्त्रात काय शिकाव! खिचडीवालीले! मंग आता सांगतोच, लिहा फटाफट, मी एकडाव सुरू झाली का थांबत नाई, माहा नवरा बी तेच मनते.

तं झालं काय, मागच्या वर्षी आमच्या मासेमारी संस्थेच्या नावानं एक कागद आला. सारा इंग्रजीत, खाली गोल निळा शिक्का. माहा सासरा संस्थेचा अध्यक्ष, जुना मानूस, त्यानं शिक्का पाह्यला आन् मने झालं, तलाव आपल्याले भेटला. आमी अर्ज देऊन ठेवला होता ना, ठेका पुढं चालू ठेवा मनून, तं साऱ्यायले तेच वाटलं. नारळ फोडला, कागद पाळीवरच्या देवापाशी ठेवला, हळदकुंकू वाह्यलं, मी सोता शिरा केला तूप टाकून. हप्ताभर तो कागद तिथी पूजा घेत बसला. आता हासू येते, पन आमच्यातल्या एकाले बी वाटलं नाई का पह्यले वाचाव.

माही पोरगी कल्यानी, दहावीत होती तवा. वाढदिवसाले मैत्रिणीले बोलवाचं पत्र पाठ करून राह्यली होती, गाइडमधलं, घडीघडी तेच ते. मी मनलं बाई तुहा वाढदिवस पुरे झाला, सरकारनं काय लिवलं ते वाच, मले आयकू दे. तं तिनं वाचलं ना खडाखडा, कुठी अटकली नाई, मी खूस. मनलं आता अर्थ सांग. तं मनते माय, हे सिलॅबसमधी नाई. अशी भडकली मी, काय सांगू तुमाले! मनलं पाचवीपासून जेचा पेपर देऊन राह्यली, ते घरी आलं तं तुले वळखू येत नाई? ती रडाले लागली. मंग मलेही वाईट वाटलं, तिचा काय दोष, शिकवलंच नाई कोणी तसं.

दुसऱ्या रोजी कागद घेऊन सरापाशी गेली. आमच्या इथी इंग्रजी आन् समाजशास्त्र एकच सर शिकवते. सरानं वाचला आन् चेहराच उतरला त्यायचा. मने पार्बताबाई, हे ठेक्याचं नाई. खदानीच्या गाड्याईसाठी रस्ता पाह्यजे, तं तलावाचा खालचा उथळ कोपरा बुजवून राह्यले. त्या भागाचा कोणी वापर करत नाई असं मोजनीत निघालं, हरकत असन तं द्या, आठ रोज राह्यले.

वापर नाई! बाई, तो तं अंड्यायचा कोपरा. मिरगापासून दोन महिने तिथी आमी जाळं टाकत नाई, डोंगा नेत नाई, बैल बी धूत नाई. साऱ्या तलावातली मासोळी तिथी येऊन अंडे घालते. आन् मोजनीवाले नेमके त्याच दोन महिन्यात आले, त्याईले कोणी दिसलं नाई, लिवून टाकलं. आमी जपलं, तेच आमच्यावर उलटलं. तो कोपरा गेला का मासोळी गेली, मासोळी गेली का आमी कायचे ढिवर?

सर पह्यले घाबरले, मने मी नोकरीवाला मानूस. मी मनलं सर तुमी काईच नोका करू, फक्त शिकवा. फळ्यावर हाच कागद शिकवा. आन् त्यायनं शिकवला! वाढदिवस गेला उडत, एकेक ओळ फळ्यावर, पोट्टे डिक्शनरी घेऊन भिडले. मंग समाजशास्त्राच्या तासाले सारा वर्ग पाळीवर. माह्या सासऱ्यानं काठीनं दाखवलं, इथी मरळ बसते, इथी शिंगूर, इथी पानी कवा येते, कवा उतरते, आन् पोट्ट्यायनं नकाशा काढला. सरकारी नकाशात निस्ता निळा रंग होता, यायच्या नकाशात तलाव भरून गेला. हरकत पोट्ट्यायनंच लिवली, इंग्रजीत. त्या दिवशी माही खिचडी बुडाशी लागली, कारन मी चूल सोडून खिडकीत उभी. साऱ्यायनं तशीच खाल्ली!

सुनावनीले आमी सारे गेलो. कल्यानीनं हरकत वाचून दाखवली. साहेबानं आयकलं, मंग मराठीत पुसलं, पोरी, दोन महिने तिथी कोणीच जात नाई हे तं तूच लिवलं, मंग मोजनी खोटी कशी? मी मनलं मेलो आता. तं कल्यानी मनते, साहेब, उन्हाळ्यात आमच्या शाळेत बी दोन महिने कोणी जात नाई, मनून शाळा बुजवता का?

सारं हापिस हासलं, बाई! साहेब बी. त्यायनं तिथीच लिवलं का पावसाळ्यात मी सोता येऊन पाह्यन. आन् आले! गुडघाभर चिखलात उभे राह्यले, पान्यात बारीक पिल्लं पाह्यले, आन् रस्ता वरच्या पडीक आंगानं गेला.

तं लिहा तुमी, जे सरकार घरी पाठवते ते वाचता आलं पाह्यजे, हे इंग्रजी. आपल्या गावात कोन काय काऊन करते हे सांगता आलं पाह्यजे, हे समाजशास्त्र. वाढदिवस बी शिकवा, मी नाई मनत नाई, लेकराईनं गोडधोड खाव. तुमच्या लेकराईले बी असे सर भेटो, सुखात राहो सारे. चाला, तुमाले कोपरा दाखवतो. हे पाहा, मिरीग लागला, पानी चढून राह्यलं. बस बाई, इथूनच पाहा. पुढं नोका जाऊ, अंडे हायेत.