नमुन्याचा फॉर्म

तुमी इचारून राह्यले ना, मले पंधरा दिवसांची सुट्टी कशी भेटली? आयका.

एटापल्लीकडच्या एका दवाखान्यात मी मानसिक आजाराच्या पेशंटशी बोलाचं काम करतो. गेल्या महिन्यात सुषमा नावाची नवी नर्स आली. तिले पेशंटचा फॉर्म भराले शिकवाचं होतं. पेशंट कोनी नव्हता, म्हून म्या म्हनलं, "मलेच इचार."

"झोप येते का?" नाई. "जेवन जाते का?" नाई. "कामात मन लागते का?" दवाखान्याची पाटी दिसली का माघारी वळावं वाटते. मी खरंखरं सांगत गेलो, ती लिवत गेली. नावाची जागा तेवढी कोरी ठेवली.

तो फॉर्म चुकून डॉक्टरसाहेबांच्या टेबलावर गेला. साहेब ओरडतच बाहेर आले, "या पेशंटले घरी काऊन सोडलं? त्याच्या गावच्या आशाताईले फोन लावा, आत्ताच बोलवा!"

सुषमा म्हनाली, "सर, तो इथीच हाये." अन् तिनं माह्याकडं पाह्यलं.

साहेबांनी हातातला फॉर्म पुन्हा वाचला. मंग म्हनाले, "पंधरा दिवस घरी जा."

"सर, गावातले कॅम्प कोन घेईन?"

"मी आराम केला तर धान कोन कापंन, असं पेशंट इचारते. त्याले तू काय सांगतो?"

रोजचं उत्तर मले पाठ होतं. म्या अर्ज लिवला.

साहेबांनी सही केली. मले वाटलं, आता आत जातीन. पन ते पेशंटच्या बाकड्यावर बसले अन् सुषमाले म्हनाले, "शिकली ना फॉर्म भराले? मंग आता माहा भर."