नावाआधीचं मिस्टर

मी मूळचा सांगलीचा, नाव दत्तात्रय. शाळा सातवीपर्यंत, तीही ओढूनताणून, मग वडिलांनी मला गणपती पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात बसवलं. दुकानाच्या पायरीवर बसायचं आणि भांड्यांवर नावं घालायची, हेच काम. लग्नसराईत मान वर करायला फुरसत नसायची, पिंप, पातेली, कळशा, ताटं, सगळ्यांवर अमक्या मामांकडून तमक्या काकूंकडून सप्रेम भेट. ते मशीननंच चालायचं, पण तिथं एक म्हातारे कारागीर होते, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, त्यांनी मला तांब्यावर हातानं अक्षर कोरायला शिकवलं, आणि काय सांगू तुम्हाला ताई, मी आज जेवतोय ते त्या शिक्षणावर, शाळेच्या नाही. आण्णांचा एकच दंडक. माणसाचं नाव उघडं घालायचं नाही. श्री पाहिजे, सौ पाहिजे, चिरंजीव पाहिजे, गिऱ्हाइकानं सांगितलं नसलं तरी आपण घालायचं. नुसतं नाव घातलंस, चोर पकडलाय काय, असं म्हणायचे.

बायको माझी नर्स, सुनंदा. तिला बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, आणि सहा महिन्यांनी मी मागनं आलो. पहिलं वर्ष मी घरीच. स्वयंपाक करायचा, लाँड्री करायची, ती नाइट करून आली की चहा द्यायचा. मेहुणा फोनवर विचारायचा, काय दाजी, तुमची ड्युटी किती वाजता संपते. तो हसायचा, मीपण हसायचो. बायकोच्या जिवावर खातोय हे कुणी म्हणायच्या आधी मीच मला रोज म्हणायचो.

इथं सोन्याचांदीच्या कारखान्यांची एक अख्खी वस्ती आहे. तिथल्या एका वर्कशॉपला हातानं कोरणारा माणूस पाहिजे होता, सुनंदानंच काचेवरची पाटी वाचली. मी सांगलीहून आणलेला माझ्या हातचा तांब्या पिशवीत घालून गेलो. मालक डेरेकसाहेब, पासष्टीचे, बोलणं कमी. त्यांनी भिंग लावून तांब्या बघितला, फिरवून फिरवून बघितला, मग तांब्याच्या पत्र्याचा एक तुकडा दिला आणि ए टू झेड कोर म्हणाले. तीन महिने ट्रायल, जमलं तर कायम. इंग्रजी मला बोलता येत नव्हतं फारसं, पण अक्षर ते अक्षर.

ट्रायलचे तीन आठवडे राहिले होते तेव्हा ते ताट आलं. चांदीचं, परातीएवढं. एका गोल्फ क्लबनं करून घेतलेलं. युरोपातले जे व्यावसायिक गोल्फ खेळाडू, त्यात सगळ्यात जास्त स्पर्धा ज्यांनी जिंकल्या त्यांची नावं, जास्तीवाला वर, मग उतरत खाली. जे अजून खेळतायत, जिंकतायत, त्यांच्यासाठी तळाला जागा मोकळी. मला गोल्फ म्हणजे बसमधून दिसणारं हिरवंगार मैदान एवढंच माहीत. सुनंदाच्या वॉर्डातल्या एका पेशंटनं तिला सांगितलं, वर्षाला एक स्पर्धा जिंकली तरी माणसाचं नाव होतं, आणि यांनी डझनांनी जिंकल्यात. म्हणजे केवढी मोठी माणसं बघा.

शुक्रवारी डेरेकसाहेब बहिणीकडं कार्डिफला निघाले. मला म्हणाले, फक्त पहिलं नाव कोर, बाकीचं मी सोमवारी बघून सांगतो. कागदावर नाव लिहून दिलेलं, नुसतं नाव आणि आडनाव.

आता त्याच क्लबचा एक जुना कप दुरुस्तीला आमच्याकडं होता. त्यावर काही नावांपुढं मिस्टर होतं, काहींपुढं नव्हतं. मला वाटलं, आधीच्या कारागिरानं आळस केला. आणि हा तर अख्ख्या युरोपात पहिला, याचं नाव उघडं कसं घालू. नाव थोडं उजवीकडं सरकवलं आणि पुढं मिस्टर कोरलं. असं सुंदर उतरलं म्हणून सांगू.

शनिवारी मॉरीन आली. मॉरीन म्हणजे पॉलिश करणारी बाई, तीस वर्षं तिथंच, सगळ्यांना बॅब म्हणायची, आपण बाळा म्हणतो तसं. ताट बघितलं आणि म्हणाली, बॅब, हा हौशी कधी झाला. मला कळेना. मग तिनं तो जुना कप पुढं ओढला. हे मिस्टरवाले सगळे हौशी, घरचे श्रीमंत, मजा म्हणून खेळणारे. बिनमिस्टरचे ते पोटासाठी खेळणारे. गोल्फमधली जुनी रीत आहे ही. तू युरोपातल्या एक नंबर व्यावसायिकाला रविवारचा खेळाडू करून टाकलास.

स्टीलवर चूक झाली तर दुसरं भांडं घेतात, हे चांदीचं, आणि लोकाचं. मॉरीन म्हणाली, घाबरू नको, मी चाकावर धरून घासून टाकते, म्हाताऱ्याला दिसायचं नाही. पण चाक कडेच्या नक्षीवर फिरलं असतं, आणि बोट फिरवलं की खड्डा कळतोच. मी नको म्हटलं. रविवारी घरी सगळं सांगितलं. सुनंदा म्हणाली, काढून टाकतील तर टाकू देत, पण तुम्ही आधी सांगा, त्यांनी बघायच्या आधी.

सोमवारी साडेसातलाच जाऊन दारात उभा राहिलो. साहेब आले, मी कोट पण काढू दिला नाही, माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं, आण्णांचा दंडक पण सांगितला. त्यांनी ताट खिडकीपाशी नेलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, माझा बाप असल्याच एका क्लबात व्यावसायिक होता. मेंबरांना खेळ शिकवायचा, त्यांच्या काठ्या दुरुस्त करायचा. मेंबरांची नावं मिस्टर, बापाचं नुसतं आडनाव. जेवणाच्या हॉलमध्ये त्याला मज्जाव, डबा शेडमध्ये बसून खायचा. आता ह्या लोकांची नावं तसल्याच हॉलमध्ये लागणार आहेत, तशीच, बिनमिस्टरची, आणि तू मिस्टर लावून त्यांना परत बाहेर काढतोयस.

मी म्हटलं, सॉरी साहेब, मी आवरू का माझं सामान. ते म्हणाले, सामान कशाला, पॉलिशचा दगड आण.

दोन दिवस लागले. नाव मधोमध घ्यायचं म्हणून सगळी ओळच काढावी लागली. त्यांनी मागच्या बाजूनं हलक्या हातोडीनं चांदी वर उचलली, मी पुढून खरवडलं, दगडानं घासलं, मग ओपणीनं, म्हणजे चकचकीत लोखंडी कांडीनं, दाबून दाबून गुळगुळीत केलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी डोळे मिटून बोट फिरवलं आणि म्हणाले, कोर. मी ते नाव परत कोरलं, उघडंच. मग खालची सगळी.

क्लबात ताट लावायला दोघं गेलो. हॉलच्या भिंतीवर चढवलं, हत्यारं घेऊन बाहेर आलो, तर क्लबाचे सेक्रेटरी म्हणाले, जेवूनच जा. साहेब हॉलच्या उंबऱ्यावर थांबले, नाही म्हणाले, व्हॅनमध्ये सँडविच आहेत म्हणाले. मी त्यांच्या मागं उभा. काय करावं कळेना, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मालकाच्या पाठीला हात लावला आणि म्हटलं, चला. मग आत गेले, खिडकीजवळ बसले, सूप थंड झालं तरी सावकाश पीत बसले.

त्याला आता चार वर्षं झाली. मी कायम झालो तो त्याच आठवड्यात. साहेब हल्ली घरीच असतात, गुडघे गेलेत, मंगळवारी मी भाकरी आणि पिठलं घेऊन जातो, पिठलं त्यांना तिखट लागतं तरी खातात. अजून कुठलंही नाव कोरायच्या आधी मी दोनदा विचारतो, मॉरीन वैतागते, वैतागू दे. परक्या मुलखात मला ज्यांनी बसायला पाट दिला, त्या सगळ्यांचं भलं होवो. माझं म्हणाल तर नजर आहे तोवर हात चालतोय.