माह्या नावाचा डबा

माहं माहेर बाभुळगावाजवळचं, बाप टेलर, आम्ही चार बहिणी अन् एक भाऊ, अन् बाबानं चौघींच्या लग्नात एकच गोष्ट कबूल केली होती, सोनं नाई, गाडी नाई, पण भांडे भरपूर अन् भांड्यावर नाव. आमच्याकडे भांड्याच्या दुकानात एक माणूस मशीन घेऊन बसे अन् टर्र टर्र करत नाव कोरे, परातीवर, गंजावर, डब्यावर, समद्यावर निर्मला, निर्मला, निर्मला. मी म्हटलं बाबा, एवढं कायले, भांडे का पळून जातेत? तर म्हणे, सासरी लग्नाकार्यात भांडे एकाचे दुसऱ्याकडे जातेत, नाव असलं म्हणजे मागता येते. मी वीस वर्षांची होती तवा, मले वाटलं बाबा असाच बोलून राह्यला.

पांढरकवड्याले देली मले. नवऱ्याचा टेम्पो होता, हायवेनं माल वाह्यचा, इकडे नागपूर तिकडे आदिलाबाद. आधी मी त्याईले पल्लवीचे बाबा म्हणत होती, आता गजानन म्हणते, तेवढी मोकळीक फारकतीनं देली मले. माणूस वाईट नव्हता, हे पहिले लिहून घ्या. दारू नाई, मारझोड नाई, कोण्या बाईकडे पाहणं नाई. फक्त हातात पैसा टिके नाई. आज याच्या बापाची तेरवी, उद्या त्याच्या पोराचं बारसं, परवा धाब्यावर चार डायवर भेटले तर चौघाईचं जेवण याच्याकडून. मी पिठाची चक्की टाकली, मंग मिरची कांडायची मशीन आणली, अन् मांडणीवर डबे लावले, एक टेम्पोच्या किस्तीचा, एक चक्कीच्या लाइटबिलाचा, एक पल्लवीच्या शाळेचा. पिठानं पांढरे झालेले हात धुवून मी त्या डब्यात पैसे टाकावं अन् या बुवानं काढून न्यावं. सांगे बी नाई. किस्तीचा माणूस दारात उभा अन् मी डबा उघडते तर आत मीच बरकतीसाठी टाकलेल्या दोन लवंगा, बाकी काही नाई. काय सांगू तुमाले, लवंगा पाहून मी कितीदा रडली असन.

भांडून भांडून थकलो आम्ही दोघं. मी बोलावं, तो मान खाली घालून बसे, अन् दुसऱ्या दिवशी परत तेच. शेवटी पल्लवीच म्हणे, तिचं नर्सिंगचं पहिलं वर्ष होतं यवतमाळले, म्हणे आई, तुम्ही दोघं एकेकटे चांगले हायेत, एका घरात काहून राह्यता? पोरगी बोल्ली अन् दोघाईले पटलं. माह्या भावाच्या घरी बसलो, समोरासमोर, मधात चहाचे कप. कोर्टात बी तारखेले त्याच्याच टेम्पोत बसून जाये मी, वकील म्हणे असे नवराबायको मी पाह्यले नाई, तुमी फारकत घ्यायले येता का बाजारले येता. वाटणी अशी झाली का चक्की माही, चक्कीवरचं बचतगटाचं कर्ज माह्या नावावर, टेम्पो त्याचा, टेम्पोची किस्त त्याची. पण गटाच्या कर्जातले अर्धे पैसे टेम्पोचं इंजिन बांधायले गेलते, म्हणून तेवढी किस्त त्यानं दर महिन्याले पहिल्या बाजारच्या दिवशी माह्या हातात आणून द्यायची. पल्लवीची फी अर्धी अर्धी. भांडे बी वाटले. त्यात एक डबा, बाबानं देलेला, नाव कोरलेला, त्याच्या सामानात चुकून गेला. मले लवकर कळलंच नाई.

मंग ती आली, सविता. राजूरकडची, नवरा खाणीत कामाले होता, वारला, मंग ती अठी भावाकडे आली अन् शाळेत पोराईची खिचडी शिजवायच्या कामाले लागली. भावानं एक खोली देली तिले. गजाननचा टेम्पो शाळेचे तांदळाचे कट्टे टाके, तठी ओळख झाली. फारकतीच्या आधी काही होतं का म्हणून मी लय चौकशी केली, दहा ठिकाणी केली, काही निघालं नाई. निघालं असतं तर बरं झालं असतं बाप्पा, शिव्या तरी देता आल्या असत्या. देवळात हार घातले दोघाईनं अन् हा तिच्या खोलीत राह्यले गेला. मी म्हटलं जाऊ दे, आता तिचे डबे रिकामे होतीन, मले काय करायचं.

अन् झालं काय? टेम्पोची किस्त तारखेच्या आधी जाऊन राह्यली. माहे पैसे बाजारच्या दिवशी सकाळीच हातात. पल्लवीची फी मी भरायच्या आधी त्याची भरून झालेली. माह्या घरी इतके वर्षं लवंगा अन् तिच्या घरी हा सावकार! पल्लवी सुटीत बापाकडे एक दिवस जाऊन येये, तिनं एकदा सांगितलं, आई, सविताकाकूनं बी मांडणीवर डबे लावलेत, डिझेलचा येगळा, किस्तीचा येगळा, माह्या फीचा येगळा, अन् एका डब्यावर तर तुहंच नाव कोरलं हाय, त्यात ती तुहे पैसे ठेवते. जेवून राह्यली होती मी. हातातला घास खाली ठेवला. माह्या बापानं देलेला डबा, माहं नाव, अन् तिच्या मांडणीवर, अन् त्या डब्याले हा हात लावत नाई! मी जळली. खरं सांगते, लपवत नाई, नवरा गेला तवा जळली नव्हती तेवढी त्या भरलेल्या डब्याले जळली. रात्रंदिवस एकच, तिच्यात असं काय हाय? माह्यापेक्षा गोरी नाई, शिकली नाई, बोलते बी हळू. मी का कमी काटकसर केली?

उन्हाळ्यात, मिरचीच्या ऐन सीजनमंधी, माह्या मशीनची मोटर जळाली. लोकाईचे मिरचीचे पोते पडलेले, मोटर नवी तार भरायले टाकली, जवळ होते तेवढे पैसे तठी गेले. आता गटाची किस्त भरायची तर गजाननच्या पैशावरच सारी भिस्त. बाजारचा दिवस आला, हा आला नाई. दुपारी चक्कीवर दळणाची लाइन लागली होती, अन् सविता आली. हातात तोच डबा. म्हणे ताई, हे गाडी घेऊन आदिलाबादले अडकले, तारीख चुकू नये म्हणून मीच आणले. लाइनीतल्या समद्या बाया आमच्याकडे पाहून राह्यल्या. अन् त्या डब्यावर माहं नाव, तिच्या हातात. माहं डोकं फिरलं. मी म्हटलं, भावाच्या घरी ठरलं तवा त्याच्या हातानं द्यायचं ठरलं होतं, तुह्या हातचे मी घेत नाई. ती म्हणे, ताई, पैसे तेच हायेत ना. मी चक्की चालू केली, आवाजात तिचं बोलणं ऐकूच नाई आलं पाहिजे म्हणून. ती थोडा वेळ उभी राह्यली अन् डबा पदराखाली घेऊन गेली. मले त्या दिवशी भाकर गोड लागली, खरं सांगते.

पण गट काय माह्या जळण्यावर चालते का? गटात एकीची किस्त थकली का बाकीच्याईनं भरा, नाई तर नवीन कर्ज कोणालेच भेटत नाई. कमलाबाई आमच्या अध्यक्ष, तिले त्या वर्षी शेळ्या घ्यायच्या होत्या, कर्ज मंजूर व्हायच्या बेतात होतं. बैठकीत ती उभी राह्यली, म्हणे निर्मला, पैसे दारात आलते अन् तू वापस केले, हे आख्ख्या लाइनीनं पाह्यलं. तुही सवत तू सांभाळ, माह्या शेळ्या कायले अडवतं? अन् म्हणे शनवारपर्यंत भरले नाई तर गटाले तुही चक्की ताब्यात घ्यावी लागन. चक्की गेली तर मी खाऊ काय, अन् पोरीची फी कोण भरन? मान खाली घालून घरी आली मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेली तिच्या घरी. सविता शाळेत गेलती, गजानन एकटाच होता, रात्री आलता वापस. खाटेच्या अगदी काठावर बसला होता, जसा कोणी सोयरा बसते. घर लख्ख. मांडणीवर डबे रांगेनं, माहं नाव समोर. त्यानं काही न विचारता डबा काढून माह्यापुढं ठेवला. पैसे घेतले मी अन् मंग राह्यवलं नाई. म्हटलं, एक सांगा, माह्या डब्यात तुमचा हात रोज जाये, तो अठी काहून नाई जात? काय टाकलं तिनं डब्यात? त्यानं दाराकडे पाह्यलं. मंग हळूच म्हणे, निर्मला, तुह्या घरी मले विचारायचं सुचलंच नाई कधी, आपलंच होतं ना ते. अठी भूक लागली तरी मी टोपल्यातली पोळी हातानं घेत नाई, ती वाढेपर्यंत थांबतो.

पहिले तर मले असा आनंद झाला का काय सांगू, वाटलं धावत जाऊन त्या लाइनीतल्या बायाईले सांगावं. अन् लगेच राग आला, आपलं म्हणून लुटलं काय रे बाबा मले, परकी असती तर जपलं असतं! तेवढ्यात सविता आली, पदराले खिचडीचा वास, मले पाहून थबकली. म्हणे ताई, चहा ठेवते. मी नाई म्हटलं नाई. पेली. साखर कमी होती. निघताना ती म्हणे, हा डबा तुमचा हाय, घेऊन जा. मी म्हटलं राहू दे तुह्याकडेच. तिले वाटलं मोठं मन केलं मी. मोठं मन नाई बाप्पा, रोज सकाळी सैपाक करताना तिले माहं नाव दिसू दे, म्हणून ठेवला.

आता मोटर दुरुस्त हाय, चक्की धाडधाड चालते, गटाची किस्त कधी चुकत नाई, कमलाबाईच्या शेळ्या आल्या. गजानन बाजारच्या दिवशी येते, पैसे देते, मी हटकून विचारते, जेवले का? तो म्हणते, जाऊन पाहतो. मले बरं वाटते. तुम्ही म्हणता शेवटी दोन शब्द चांगले सांगा. सांगते ना. सविता बाई चांगली हाय, सुखी राहो, हा बी सुखी राहो, दोघाईले आयुष्य लाभो. देवाले माहं एवढंच मागणं हाय, त्याले त्या घरात कधी आपलं वाटू देऊ नको. माही किस्त फिटेपर्यंत तरी नको. अन् फिटल्यावर बी नको.