सातवी विहीर

महाडच्या दवाखान्यात विज्ञानाचा पदवीधर श्रीपत आपल्या नंबराची वाट पाहत होता. हातातल्या पुस्तकापेक्षा शेजारच्या बाकावरचे आत्या-भाचे त्याला अधिक जिवंत वाटले.

“धोंडू, पिसाळलेलं कुत्रं चावून चार दिस झाले. आज आलास व्हय रे?”

“सात विहिरींत डोकावलं की इख उतरतं म्हणत्यात, आत्ये. सहा झाल्या.”

“आणि सातवी?”

“मालोजीची. त्यानं मला हाकलला. म्हणे, तुझी सावली पाण्यात पडंल.”

“मेल्या, आपण बौद्ध झालो, तरी तुझ्या डोक्यात विहिरीच!”

“भ्या वाटलं गो.”

श्रीपतला राहवले नाही. “या रोगाला हायड्रोफोबिया म्हणतात. ग्रीक भाषेत पाणी म्हणजे हायडोर, आणि फोबिया म्हणजे भीती. रोग उठला, की माणूस पाण्याच्या पेल्यालाही घाबरतो. मग इलाज नाही. त्याआधीच पोटात रोज एक अशी चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात.”

“चौदा? पोटात?”

“ऐकलंस ना? गुमान घे.”

“घेतो गो आत्ये. पण पंधराव्या दिशी मी मालोजीच्या विहिरीवर जाणार.”

“सुया घेतल्यावर आणि डोकवायचं कशाला?”

“डोकवाया नाय. पाणी प्यायला.”