बाबांच्या आवाजाची पेटी

नाही, तुम्हीच सांगा, टेबलावर पेटी आहे, पेटीला वायर आहे, वायर लॅपटॉपला आहे, आणि लॅपटॉप म्हणतो, ‘डिव्हाइस नॉट फाउंड’. अरे, सापडली नाही म्हणजे काय, वीतभर अंतरावर बसली आहे ती... तुम्हाला सांगते, चार वाजता जठारपेठेतल्या हॉलमध्ये भजनस्पर्धा, वाजलेत दोन, आणि आम्ही वरूडहून येऊन पार्बताआत्याच्या स्वयंपाकघरात ठाण मांडलेलं, कारण मोकळा प्लग तिथेच.

पेटी आवाजाची. माइक हिच्यात जातो, आवाज भरदार होऊन बाहेर पडतो. बाबांसाठी आणलेली. फाल्गुनात त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि संत्र्याच्या बागेच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा आवाज खाटेवरून दारापर्यंत पोचेना. आमच्या भजनी मंडळाचे मुख्य गायक असलेले बाबा मागे बसून टाळ वाजवायला लागले. घरातही बोलेनात. आज गाईन म्हणाले, पण पेटी जमली तरच. आणि कोणाच्या गळ्याला किती जाडी, किती घुमारा, हे लॅपटॉपवरूनच भरावं लागतं, नाहीतर ती माणसाला विहिरीत पडल्यासारखं गायला लावते.

वायर बदलली. डिव्हाइस नॉट फाउंड. लॅपटॉप बंद करून चालू केला. डिव्हाइस नॉट फाउंड. तोवर सल्ले सुरू. आमचे टाळकरी देवरावकाका म्हणे, पेटीचं तोंड पूर्वेला कर. आई म्हणे, शांतपणे केलं की होते. मी शांतपणेच करत होते हो, फक्त मोठ्यानं... शेवटी सांगून टाकलं, मी इलेक्ट्रॉनिक्स शिकले आहे, ज्येष्ठांनी कृपा करून बाहेर बसावं.

सगळे गेले. आत्या गेली नाही, स्वयंपाकघर तिचं. चष्मा लावून, वायर पेटीत शिरते त्या भोकाकडे बघत बसली.

‘काहून व, इच्या तोंडात कुंकू कोनं कोंबलं?’

घ्या. पेटी घरी आली तेव्हा आईनं दसऱ्यापर्यंत कोणाला हात लावू दिला नव्हता. दसऱ्याला ट्रॅक्टर पुजला, फवारणीचा पंप पुजला, पेटी पुजली. ओलं कुंकू, अक्षता, आणि जिथे भोक दिसेल तिथे मनोभावे बोट! मी म्हटलं, संपलं, रविवार, दुकानं बंद.

‘बाळकृष्णाच्या बेंबीतलं कुंकू काढून राहिली मी चाळीस वर्षांपासून,’ आत्या म्हणाली. ‘इचं काय मोठं?’

वायर काढायला लावली. उदबत्तीच्या काडीला कोरडी फुलवात गुंडाळली, कडेकडेनं लाल भुगा काढला, मग मधून एक तांदूळ. अख्खा. मी चार वर्षं कॉलेजात काढली, एकाही सरांनी फुलवात शिकवली नाही! वायर लावली, आणि लॅपटॉप काय म्हणाला? काहीच नाही. गुपचूप पेटीचं नाव दाखवलं. मी आत्याच्या पाया पडले, चांगली डोकं टेकवून.

बाबा गायले. नंबर आला नाही, आमचा कधीच येत नाही. पण आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला, आईनं पदर तोंडाला लावला, मी लॅपटॉपमागे तोंड लपवलं. भजन संपलं, आता माइक खाली ठेवायचा ना माणसानं? आठ महिन्यांनी मिळालेला आवाज, ठेवतात कशाला... भरल्या हॉलमध्ये, माइकवरून, मला म्हणाले,

‘वर्षाली, सकाळपासून काई खाल्लं नाई व तू. पयले जेवून घे.’

दोनशे माणसं वळून माझ्याकडे बघतायत. घुमारा मीच भरलेला. तक्रार करू कोणाकडे?